हजेरीची वही घरात असते तेव्हा

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या दारासमोर चपला जमू लागतात. कुणाच्या टाचेला सिमेंट वाळलेले, कुणाच्या अंगठ्याला सुतळी बांधलेली. गवंडी कट्ट्यावर टेकतात, बिगारी पायरीवर. बायका मात्र, कितीही वर बोलवा, कडुनिंबाखाली जमिनीवरच बसतात. मी आतून वही आणते, हे खिशातून नोटा काढतात, आणि पुढचा अर्धा तास आमच्या घरात आठवड्यातले सगळ्यात मोठे काम चालते.

आमचा धंदा बांधकामाचा, पण लहान. सांगली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. वर्षाला दोन, फार तर तीन घरे. बाकी कुणाची कंपाउंडची भिंत, कुणाची फरशी, पावसाळ्याच्या तोंडावर गच्च्यांची गळती. दोन गवंडी कायमचे. बाकीची माणसे लागतील तशी, कधी पाच तर कधी बारा. ह्यांना साइट बघायची, वाळूवाल्याच्या मागे पळायचे, घरमालकाची मनधरणी करायची. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हजेरीची वही माझ्याकडे आली. "तुझं अक्षर चांगलं आहे," असे कारण सांगितले. त्या चांगल्या अक्षरात मी पुढे काय काय लिहिले आणि काय लिहायचे टाळले, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, आमचे यजमान बँकेत आहेत, आम्हाला काय करायचे ठेकेदाराच्या वहीशी? पण बाई, गच्चीला तडा गेला की तुम्हीही माणूस शोधताच ना? मोरीची फरशी काढली, दाराबाहेर दोन पायऱ्या बांधल्या, तर तेवढ्या दिवसांपुरत्या तुम्हीही मालकीण होता. चौकात सकाळी सातला जी माणसे डबा आणि थापी घेऊन उभी असतात, त्यांच्याशी दर ठरवताना आपण अगदी भाजी घेतल्यासारखे बोलतो. तिथला रिवाजही मंडईसारखाच आहे. नऊ वाजून गेले, माणूस अजून उभाच असला, की त्याचा भाव उतरतो. भाजी सुकते म्हणून उतरते. माणसाचा का उतरावा? पण उतरतो, आणि तो उतरण्याची वाट बघत स्कूटर कडेला लावून थांबणारे लोक मी पाहिले आहेत. आमच्या घरातलेही.

वहीकडे येते. आमच्या वहीत तीन खुणा असत. पुरा रोज म्हणजे उभी रेघ, अर्धा रोज म्हणजे आडवी, खाडा म्हणजे फुली. सोपे वाटते. पण अर्ध्याच्या पुढचे आणि पुऱ्याच्या आतले जे काही असेल ते कुठे जाते? आमच्याकडे ते सगळे अर्ध्यात जाई.

हे मला शिकवले ते अक्काने. जतकडची बाई, घरात कानडी बोलणारी. आमच्याकडे सगळेच तिला अक्का म्हणतात. जतच्या बाजूला पाऊस नेहमीचाच कमी, त्यामुळे तिकडची आणि विजापूरकडची पुष्कळ माणसे आमच्या भागात कामाला येतात. काही वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. मंगळवारी दुपारी दोनला धो धो पाऊस आला, काम थांबले, सगळे घरी गेले. मी आडव्या रेघा मारून मोकळी झाले. शनिवारी पगार देताना मला अक्काचे फाटलेले लुगडे दिसले आणि जीव कळवळला. आतून माझी एक जुनी पण चांगली साडी आणून तिच्या पुढे केली. आता ती हरखून जाईल, असे मला वाटत होते.

तिने साडीकडे पाहिले आणि म्हणाली, "वैनी, साडी असू दे. मंगळवारचा तेवढा रोज लिवा."

"अगं, दुपारी सुट्टी झाली ना पावसानं?"

"झाली की. पन नवाला लागलो हुतो कामाला. दोनपतूर विटा वाहिल्या. पाऊस काय मी आनला?"

सगळ्यांसमोर बोलली, म्हणून मला रागच आला. रात्री मात्र हिशेब केला. आठ तासांतले पाच तास तिने काम केले होते आणि मी तिला चार तासांचे पैसे दिले होते. एका तासाचे पैसे ठेवून घेऊन वर साडी द्यायला निघाले होते!

मग मी मागची पाने चाळली. अर्ध्या रोजाचे जाऊ द्या, त्याहून मोठी गोष्ट वहीत लिहिलेलीच नव्हती. सिमेंटचा कालवलेला माल रात्रभर ठेवता येत नाही, तो घट्ट होतो, वाया जातो. म्हणून संध्याकाळी गवंडी म्हणतो, "एवढा माल संपवू आणि उठू." पंधरा मिनिटे म्हणता म्हणता अर्धा तास होतो. रोजचा अर्धा तास धरला तरी सहा दिवसांचे तीन तास. आठ माणसे असतील तर चोवीस तास, म्हणजे तीन माणसांचा पुरा दिवस. तेवढे काम दर आठवड्याला आम्ही फुकट करून घेत होतो, आणि कुणाचे नुकसान करावे असे आमच्या मनातही नव्हते. नुसते लिहीत नव्हतो, एवढेच.

आता वहीत तासांचा रकाना आहे. साइटवर आलेल्या माणसाला, पावसाने काम सुरूच झाले नाही तरी, अर्धा रोज मिळतो. कारण तो आठ-दहा मैलांवरून आलेला असतो आणि त्या दिवशी दुसरीकडे उभा राहू शकलेला नसतो. जेवणाच्या सुट्टीनंतर काम झाले असेल तर पुरा रोज. संध्याकाळचे जादा तास वेगळे लिहायचे. पहिल्या महिन्यात हे मला म्हणाले, "अशानं दिवाळं निघेल." दिवाळे निघाले नाही. निघाले ते एवढेच, की गवंडी चार वाजल्यानंतर बेताबेताने माल कालवू लागले.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती सांगायला मला अजूनही संकोच वाटतो.

एका घराचे काम चालू होते. मालक भला माणूस, पण त्याचा कर्जाचा हप्ता बँकेत अडकला. शनिवार आला आणि हातात पैसे नाहीत. ह्यांनी ओसरीवर येऊन सांगितले, "या आठवड्याला थांबा, पुढच्या शनिवारी दोन्ही आठवड्यांचे एकदम देतो." गवंडी कुरकुरले, बिगारी गप्प बसले. सगळे उठून गेले. अंधार पडल्यावर अक्का एकटी परत आली आणि मागच्या दाराशी उभी राहिली.

"वैनी, शंभर-दोनशे तरी द्या. दुकानदार उधार देत न्हाई. उद्या बाजार हाय."

त्या क्षणी माझ्या कपाटात भिशीचे नऊ हजार रुपये होते. वीस दिवसांपूर्वी माझी भिशी लागली होती आणि मी मिक्सर घ्यायचा बेत करत होते. मी तिला दोनशे दिले, उपकार केल्यासारखे दिले, आणि रात्री झोप येईना.

बघा, व्यवहार काय होता? मालक आम्हाला देणे लागत होता. त्याने ते लांबवले. आम्ही ते मजुरांवर ढकलले. म्हणजे त्या आठवड्यापुरते, बँकेच्या कर्जाने पंधरा लाखांचे घर बांधणाऱ्या माणसाला कुणी उधार दिले होते? ज्या बाईला किराणा दुकानदार दोनशे रुपयांची उधारी देत नाही, तिने. तेही बिनव्याजी, आणि तिला न विचारता. आपण मात्र सहज म्हणतो, "मजुरांना आपण सांभाळून घेतो." कोण कोणाला सांभाळते, ते वही उघडून बघावे.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जायच्या आधी मी भिशीचे पैसे ह्यांच्या हातात दिले. सगळ्यांचे भागले नाही, पण बिगारी बायकांचे आणि दोन पोरांचे भागले. त्यानंतर मी हट्ट धरला, आणि लग्नानंतर इतका मोठा हट्ट पहिल्यांदाच धरला, की कोणतेही काम सुरू करण्याआधी दोन आठवड्यांच्या पगाराएवढी रक्कम मालकाकडून आगाऊ घ्यायची आणि ती वेगळ्या खात्यात टाकायची. ती रक्कम सिमेंटला नाही, वाळूला नाही, घरातल्या लग्नालाही नाही. सिमेंटचा दुकानदार महिनाभर थांबू शकतो, त्याला तशी सवय असते. मालक आगाऊ द्यायला तयार नसेल तर ते काम आपले नव्हे. एकाने तसे काम काढूनही घेतले. ह्यांनी चार दिवस माझ्याशी नीट बोलणे टाकले.

तुमच्या घरचा धंदा असेल, तर हा डबा आधी भरा. आणि तुम्ही घरमालकीण असाल, तर ठेकेदाराचा हप्ता "पुढच्या सोमवारी बघू" म्हणून लांबवताना एवढे लक्षात ठेवा, की ती तारीख शेवटी कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचते.

आता बायकांच्या रोजाबद्दल. इथे माझी वही सगळ्यात काळी आहे.

२०१९ साली आमच्याकडे गवंड्याला सातशे, पुरुष बिगाऱ्याला चारशे आणि बाईला अडीचशे असा रोज होता. आमच्या भागात सगळेच असे देत. विचारले तर उत्तर तयार, "बायकांचं काम हलकं." मी हे इतकी वर्षे ऐकत आले होते, की मलाही ते खरे वाटे. एकदा सासूबाई माझ्या शेजारी बसून वही बघत होत्या. माझे सासरे गवंडी होते, आणि सासूबाई तरुणपणी रोजगार हमीच्या कामावर जायच्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळेला सरकार खड्ड्याचं माप घ्यायचं. खड्डा बाईनं खणला का गड्यानं, हे कोण इचारत नव्हतं."

खरेच आहे ते. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ साली आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाचे माप आणि मापाचे पैसे. त्यात बाई-पुरुष भेद नव्हता. त्याच्या एक वर्ष आधी, १९७६ मध्ये, सबंध देशासाठी समान वेतनाचा कायदा झाला. म्हणजे मी अडीचशे आणि चारशे लिहीत होते, तेव्हा त्या कायद्याला त्रेचाळीस वर्षे झाली होती.

तर मी "हलकं काम" मोजायचे ठरवले. रद्दीवाल्याच्या काट्यावर आमच्याकडची एक वीट ठेवली. तीन किलोच्या आसपास भरली. बाई चुंबळीवर एका खेपेला दहा विटा घेते, म्हणजे तीस किलो. एक गवंडी दिवसाला सरासरी पाचशे विटा लावतो. त्या विटा काही आपल्या पायांनी त्याच्यापर्यंत चालत येत नाहीत. पाचशे विटा म्हणजे पंधराशे किलो, दीड टन! पहिल्या मजल्याचे काम असेल तर ते जिन्याने, आणि जिन्याला अजून कठडा नसतो. एकेका गवंड्यामागे एकेक बाई दिवसभर हे करते. मी त्या दिवशी साइटवर गेले, पदर खोचला आणि सहा विटा डोक्यावर घेतल्या. चौथ्या पायरीवर थांबले. अक्का हसली, पण हात पुढे करून तिने विटा उतरवून घेतल्या.

तुमच्यापैकी कुणी हिशेबी असेल तर विचारील, पैशाचे काय? त्याचेही खरे ते सांगते. एका घराला साधारण चार बायका, शंभर दिवस. माणशी दीडशे रुपयांचा फरक भरून काढायचा तर रोजचे सहाशे, शंभर दिवसांचे साठ हजार. पंधरा लाखांच्या घरात साठ हजार म्हणजे शेकडा चार, फार वाटत नाहीत. पण त्या घरात आम्हाला सुटत होते दीड लाख. त्यातले साठ हजार गेले म्हणजे शंभरातले चाळीस गेले. हे म्हणाले, "बाजारात अडीचशे भाव आहे. मी एकट्यानं चारशे दिले तर लोक मला वेड्यात काढतील, आणि पोरांच्या फीला काय करायचं?" ह्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. आमचीही दोन मुले शाळेत होती.

आम्ही ते एकदम केले नाही. तीन टप्प्यांत केले. दर वेळी नव्या घराचे एस्टिमेट करताना मजुरीचा आकडा आधी लिहायचा आणि मालकाने घासाघीस केली तर त्याला हात लावायचा नाही. फरशी हलकी घ्या, ग्रिलचे डिझाइन साधे करा, पण त्या ओळीतून काही काढायचे नाही. पूर्वी नेमकी तीच ओळ पहिल्यांदा कापली जात असे, कारण फरशीवाला आरडाओरडा करतो आणि अक्का कडुनिंबाखाली बसलेली असते. २०२२ मध्ये आमच्या वहीत बिगारी असा एकच दर आला. बाईचा वेगळा रकाना गेला. मधल्या काळात दोन कामे हातची गेली, एक घरमालक तोंडावर म्हणाला, "तुमचा दर चढा आहे." पहिल्या वर्षी नफा खरोखरच घटला. पुढे थोडा सावरला, कारण माणसे टिकली. काम ऐन रंगात असताना टोळी दुसरीकडे पळाली, असे पूर्वी वर्षातून एकदा तरी व्हायचेच, ते थांबले. पण पहिल्याएवढा नफा आजही नाही. तो असता तर बरे झाले असते, हे मी नाकारत नाही.

एक गोष्ट मात्र नुसत्या दराने सुटत नाही. बिगारी पोरगा चार-पाच वर्षे गवंड्याच्या हाताखाली राहिला की थापी धरू लागतो, मग गिलावा करतो, आणि एक दिवस स्वतः गवंडी होतो. बाई तीस वर्षे काम करते आणि बिगारीच राहते. तिच्या हातात थापी कुणी देतच नाही. आमच्याकडे गेल्या वर्षीपासून एकजण फरशीचे सांधे भरायला शिकली आहे आणि तिचा हात इतका स्वच्छ आहे, की आमचा फरशीवाला आता तिलाच मागतो. तिला बिगाऱ्यापेक्षा दीडशे रुपये जास्त मिळतात. एकच आहे, पण आहे.

आणि पैसे कुणाच्या हातात द्यायचे? तुम्हाला वाटेल, हा काय प्रश्न झाला! आमच्या भागात ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक "कोयता" धरतात, उचलही त्या कोयत्यावर मिळते. तीच सवय बांधकामावर येते. नवरा-बायको दोघे कामाला असतील तर "जोडीचा पगार" नवऱ्याच्या हातात. हल्ली फोनवरून पैसे पाठवायची सोय झाली, त्यामुळे तर काम आणखी सोपे झाले. फोन नवऱ्याचा, खाते नवऱ्याचे. एका शनिवारी अशी जोडीची रक्कम ह्यांनी फोनवरून पाठवली आणि सोमवारी ती बाई गालावर वळ घेऊन कामाला आली. तेव्हापासून आमच्याकडे ज्याचा रोज त्याच्या हातात. बाईचे स्वतःचे खाते असेल तर खात्यात, नसेल तर रोख, आणि वहीत तिचीच सही किंवा अंगठा. दोघा-तिघा नवऱ्यांना हे आवडले नाही. एकाने तर विचारले, "का वैनी, आमच्यावर इस्वास न्हाई?" मी म्हटले, "वहीचा नियम आहे." वहीचा नियम म्हटले की पुरुष फार वाद घालत नाहीत, हे मी धंद्यात शिकले.

कायद्याचेही थोडे सांगते, कंटाळू नका. मी वर सांगितलेला समान वेतनाचा कायदा आणि १९४८ चा किमान वेतनाचा कायदा हे दोन्ही आता वेतन संहितेत आले आहेत. ती मंजूर झाली २०१९ मध्ये आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आपल्यासारख्यांच्या कामाचे त्यातले एवढे. रोजाच्या बोलीवर माणूस ठेवला तर दिवसाचे काम संपताना पैसे द्यायचे. आठवड्याची बोली असेल तर सुटीच्या आदल्या कामाच्या दिवशी. मध्येच काढले किंवा तो सोडून गेला, तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब पुरा करायचा. नेमल्या तासांपेक्षा जास्त काम घेतले तर त्या वेळेचा दर दुप्पट. सारख्या कामाला बाई म्हणून कमी देता येत नाही. आणि कपात, कोणत्याही नावाने करा, सगळी मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. किमान दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगवेगळे असतात आणि भागाप्रमाणे बदलतात. महागाईप्रमाणे तो आकडा अधूनमधून वाढतो. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारले की सांगतात. मी स्वतः जाऊन विचारले. तिथल्या माणसाने आधी मला मजुराची बायको समजून बसवून ठेवले, ठेकेदाराची आहे म्हटल्यावर चहा मागवला! असो.

उचलीचे मात्र जपून करा. जूनमध्ये शाळा, दिवाळीला गावी जाणे, कुणाचे आजारपण. माणसे उचल मागतात आणि द्यावीही. पण ती वहीत वेगळ्या पानावर लिहा, त्यांच्यादेखत लिहा, आणि आठवड्याला पगाराच्या पाचव्या हिश्शाहून जास्त कापू नका. "उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही" हे वाक्य तोंडातूनही काढू नका. ती वेठबिगारी होते, आणि तिला १९७६ पासून कायद्याने बंदी आहे.

आणखी एक कागद आहे, त्याला आपला एक पैसाही लागत नाही. बांधकाम कामगारांसाठी राज्याचे कल्याणकारी मंडळ आहे. अठरा ते साठ वयाच्या कामगाराने वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केले असेल तर त्याची तिथे नोंदणी होते. मग मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, दुखण्याला मदत मिळू शकते. अडते कुठे? नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यावर ठेकेदाराची सही लागते, आणि ठेकेदार ती देत नाहीत. उद्या आपल्या अंगाशी येईल, अशी भीती. आमच्याकडेही हे आधी "नंतर बघू" म्हणायचे. पण हजेरी नीट लिहिलेली असली की दाखला द्यायला भीती कसली? दिवस वहीत आहेतच. आता दाखले मी लिहून ठेवते आणि ह्यांना जेवणानंतर सहीला पुढे करते. परांचीवरून कुणी पडला-झडला तर काय, त्याचीही सोय धंदा लहान म्हणून टाळू नका. मजुरांच्या अपघाताची भरपाई ठेकेदारावर येते आणि त्यासाठी विमा कंपन्यांची पॉलिसी मिळते. आम्ही ती घेतली, पण शेजारच्या गल्लीतल्या साइटवर एक पोरगा पडल्यानंतर. आधी घ्यायला हवी होती.

घर बांधून घेणाऱ्या मैत्रिणींना शेवटची एक विनंती, थोडी नाजूक आहे. तुमच्या घराचे काम महिनोन्‌महिने चालते. तिथे काम करणाऱ्या बायका लघवीला कुठे जातात, हे तुम्ही कधी विचारले आहे? मी पंधरा वर्षे विचारले नव्हते. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, म्हणजे जावे लागत नाही. उन्हाळ्यात, डोक्यावर तीस किलो घेऊन! आता आम्ही कामाच्या पहिल्या आठवड्यात पत्र्याचा एक आडोसा आणि साधे भांडे बसवतो. पत्रे तेच, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जातात. एका घरमालकीणबाईंनी मात्र नाक मुरडले, "आमच्या दारात नको." तेव्हा मी त्यांना दुपारी दोन वाजता साइटवर बोलावले आणि त्या बायकांबरोबर तासभर बसवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जागा दाखवली.

हे सगळे वाचून तुम्हाला वाटेल, हिची वही आता अगदी लख्ख असेल. तसे नाही. स्लॅब टाकायला वेगळी टोळी येते. वीस-पंचवीस माणसे, त्यात आठ-दहा बायका, मिक्सर त्यांचाच. काम उक्ते असते. हे मुकादमाला ठरलेली रक्कम देतात आणि संध्याकाळपर्यंत टोळी निघून जाते. त्या बायकांना मुकादम किती देतो, पुरुषांएवढे देतो की नाही, कुणाच्या हातात देतो, यातले माझ्या वहीत काहीच नाही. तिथे एकच आकडा असतो आणि त्याच्यापुढे मुकादमाची सही.

पुढच्या महिन्यात आमची एक स्लॅब आहे. मी मुकादमाला सांगितले आहे, की नावांची आणि प्रत्येकाच्या रोजाची यादी आधी आणून दे. तो हसला आणि म्हणाला, "वैनी, यादी कशाला? तुमाला स्लॅब पायजे ना?"

यादी अजून आलेली नाही. ह्यांना मी सांगून ठेवले आहे, आली नाही तर दुसरा मुकादम बघा.